जून झालं की पिकलं? परसातलं फळ कधी उतरवावं

परसात दोन-चार फळझाडं असली की दरवर्षी ठरलेली नासाडी होते. चिकू कोवळे उतरवले म्हणून डब्यातच सुरकुतून जातात, सीताफळं ‘अजून दोन दिवस राहू दे’ म्हणता म्हणता पाखरं फस्त करतात, आणि डाळिंब बाहेरून लाल दिसलं म्हणून तोडावं तर आत पांढरट, आंबट दाणे निघतात. यातलं बरंचसं टाळता येतं. त्यासाठी एक फरक नीट समजून घ्यायला हवा, आणि तो आपल्या बोलण्यात पूर्वापार आहे: फळ जून होणं वेगळं, पिकणं वेगळं.

जून होणं म्हणजे फळाची वाढ पुरी होणं. बी टणक होते, गर भरतो, पुढे ज्याची साखर होणार तो पिष्टाचा साठा पुरा होतो. हे काम फक्त झाडावर होतं. पिकणं म्हणजे त्या साठ्याची साखर होणं, गर मऊ पडणं, वास सुटणं, रंग बदलणं. आंबा, चिकू, सीताफळ, रामफळ, फणस, पपई ही फळं पिकण्याचं काम झाडावरून उतरल्यावरही करतात, मात्र ती जून झालेली असली तरच. पेरूही काही प्रमाणात याच गटातला. डाळिंब, लिंबू, संत्रं, मोसंबं, जांभूळ, आवळा, काजूचं बोंड यांचं तसं नाही. तोडल्या क्षणी जेवढी गोडी, तेवढीच कायम. हिरवं लिंबू घरात पिवळं होईल, पण त्यातला रस वाढणार नाही.

म्हणून पहिल्या गटातलं फळ जून होताच उतरवायचं आणि घरात पिकवायचं. दुसऱ्या गटातलं झाडावरच पूर्ण होऊ द्यायचं. दोन्हीकडे रंग हा सगळ्यात कच्चा पुरावा. उन्हाकडच्या फळाला लवकर लाली चढते, सावलीतलं जून होऊनही हिरवंच राहतं.

आधी तारीख बांधा

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम हे. फूल फळलं, वाटाण्याएवढं फळ दिसलं की त्या फांदीला रंगीत चिंधी किंवा लोकर बांधा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच रंगाची खूण करा. महिनाभराने आलेल्या फळांना दुसरा रंग. चिकूला तर हे करायलाच हवं, कारण त्याच्या एकाच फांदीवर कळी, लिंबाएवढं फळ आणि जून फळ एकत्र असतात, आणि नुसत्या आकारावरून निवड हमखास चुकते.

ढोबळ मुदती अशा. हापूस आंबा मोहोर फळल्यापासून साडेतीन ते चार महिने. सीताफळ फुलापासून चारेक महिने. पेरू साडेचार-पाच महिने. लिंबू पाच-सहा महिने. भगवा डाळिंब साधारण 170 ते 180 दिवस, गणेश जातीचं त्याआधी. चिकू सात-आठ महिने, थंडीत त्याहून जास्त. ऊन, पाणी आणि जात यांनुसार यात आठ-पंधरा दिवसांचा फरक पडतो. त्यामुळे तारीख आली म्हणून तोडायचं नसतं, तारीख आली की रोज झाडाखाली जाऊन बघायला लागायचं.

आंबा

कोकणात आंब्याची तयारी आण्यांत मोजतात. 16 आणे म्हणजे पूर्ण जून, झाडावरच पिकू लागलेला. 14 आणे म्हणजे जून झालेला पण अजून टणक आणि हिरवा. हापूस 14 आण्यांवर काढायचा. झाडावर पिकलेला आंबा सर्वात गोड ही समजूत रायवळला लागू पडते, हापूसला नाही. हापूस झाडावर जास्त राहिला की त्यात साका होण्याचं प्रमाण वाढतं: बाहेरून निर्दोष फळ, आत बाठ्याभोवती पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. कापेपर्यंत कळत नाही, हेच त्यातलं वाईट.

14 आणे कसं ओळखायचं? फळ हातात घेऊन देठाकडून बघा. कोवळ्या कैरीत देठ उतरत्या टोकावर बसलेला असतो, दोन्ही बाजू त्याच्यापासून खाली घसरतात. फळ भरत जातं तसे खांदे वर येतात, देठाच्या पातळीपर्यंत आणि मग त्याच्याही वर. देठ छोट्या खळग्यात बसल्यासारखा दिसू लागला की आंबा जून झाला. दोन्ही गाल फुगलेले असतात. गडद हिरवा रंग उतरून फिका होतो, सालीवरचे बारीक ठिपके मोठे आणि ठळक दिसतात, वर पांढुरकी लव येते आणि बोट फिरवलं की पुसली जाते. हे सगळं एका फळात जमून आलेलं दिसायला हवं. नुसत्या ठिपक्यांवर जाऊ नका.

खात्री नसेल तर बादलीची परीक्षा घ्या. एक फळ देठासकट काढून पाण्याच्या बादलीत सोडा. कोवळं तरंगतं, जून बुडतं, कारण गर भरल्यावर फळ पाण्यापेक्षा किंचित जड होतं. मग तेच फळ कापा. बाठा सुरीला दाद देत नसेल आणि त्याच्या लगतचा गर पिवळसर झाला असेल तर त्या फांदीवरची तशाच खांद्यांची फळं काढायला हरकत नाही. गर अजून पांढरा असेल तर आठवडाभर थांबा. कापलेली कैरी वाया जात नाही, लोणच्याला किंवा आमटीला जाते. लोणच्यासाठी मुद्दाम काढायच्या कैऱ्यांचं माप वेगळं: कोय धरलेली हवी, गर पांढरा आणि करकरीत हवा, पिवळा नको.

झाडाखाली पाड दिसू लागला, म्हणजे एखादं-दुसरं फळ आपोआप पिकून पडलं, की पहिल्या मोहोराची फळं जून झाली असं समजा. पोपट आणि वटवाघळं हीच बातमी एक-दोन दिवस आधी देतात. पण सगळं झाड एका दिवसात उतरवू नका. हापूसला दोन-तीन टप्प्यांत मोहोर येतो, तेव्हा फळंही दोन-तीन टप्प्यांत जून होतात. शेंड्याकडची आणि उन्हाकडची आधी, आतली सावलीतली मागाहून.

काढताना देठ महत्त्वाचा. आंबा ओढून तोडला की देठ मुळापासून सुटतो आणि चिकाची चिळकांडी उडते. हा चीक सालीला भाजतो, काळे ओघळ उमटतात आणि पिकताना कूज तिथूनच सुरू होते. माणसाच्या कातडीलाही पुरळ येतं, तेव्हा डोळे सांभाळा. पातं बसवलेला झेला, म्हणजे लांब काठीला जाळी लावलेलं फळं काढायचं साधन, वापरा आणि तीन-चार सेंटिमीटर देठ फळासोबत कापून घ्या. खाली आणल्यावर देठ एक सेंटिमीटर ठेवून कापा आणि फळं तोंडं खाली करून गोणपाटावर तासभर निथळू द्या. जमिनीवर पडलेला आंबा वेगळाच ठेवा. वरून काही दिसत नसलं तरी आत मार बसलेला असतो, आणि तो कुजला की शेजारचे घेऊन जातो.

दव उतरल्यावर, ऊन तापायच्या आत, साधारण 10-11 पर्यंत काढणी उरका. उरलेली संध्याकाळी 4 नंतर. झाडाला झेला लावताना वरून विजेची तार जात नाही ना, हे आधी बघा. काठी बांबूची असली तरी ओली असेल तर धोका आहे, लोखंडी पाइप तर नकोच. पहिला पाऊस तोंडावर असेल तर जून झालेली फळं झाडावर ठेवू नका. ओल्या हवेत करप्याचे काळे डाग आणि फळमाशी दोन्ही वाढतात.

आंबे पिकत घालायच्या अढीसाठी भाताचा कोरडा पेंढा तीन-चार इंच पसरा, त्यावर आंबे देठ खाली करून एकमेकांना न चिकटता मांडा, वर पुन्हा पेंढा. दोन-तीन थरांपेक्षा जास्त नको, खालचे दाबले जातात. फ्लॅटमध्ये भोकं पाडलेल्या खोक्यात वर्तमानपत्राचे चोळामोळा केलेले कागद घालूनही काम होतं. हापूस साधारण आठ-दहा दिवसांत पिकतो, कडक उन्हाळ्यात थोडा आधी. चौथ्या दिवसापासून एक दिवसाआड अढी उघडा आणि डाग धरलेला आंबा तेवढा काढून टाका. घाई असेल तर दोन पिकली केळी मध्ये ठेवा. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू सुटतो, तोच बाकीच्यांना जागं करतो. कॅल्शियम कार्बाईडची पुडी मात्र कोणी दिली तरी घेऊ नका. त्यावर कायद्याने बंदी आहे, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि त्याने नुसती साल पिवळी होते, आतला कोवळेपणा तसाच राहतो.

अढीत आंबे पिकण्याऐवजी सुरकुतले, चामड्यासारखे झाले तर दोष अढीचा नाही. फळं कोवळी काढली गेली. पुढच्या वेळी खांदे बघा.

चिकू

घरच्या झाडांत ओळखायला सगळ्यात अवघड फळ चिकू. रंग कायम तपकिरी, वास पिकेपर्यंत नाही, दाबून काही कळत नाही. इथे तीन खुणा एकत्र बघाव्या लागतात.

पहिली कोंड्याची. कोवळ्या चिकूच्या सालीवर खरखरीत तपकिरी कोंडा घट्ट बसलेला असतो. फळ जून होतं तसा तो आपोआप झडतो आणि साल गुळगुळीत, किंचित पिवळसर बटाट्याच्या रंगाची होते. अंगठा फिरवला की सहज हाताला लागेल इतका कोंडा सुटला असेल तर फळ जवळ आलं.

दुसरी नखाची. सालीवर नखाने हलकी रेघ ओढा. खाली हिरवं दिसलं की थांबा, कितीही मोठं फळ असो. पिवळसर दिसलं आणि रेघेतून दुधासारखा दाट चीक न येता पाणचट थेंब आला तर ते तयार. एका फांदीवरच्या एका फळाला रेघ मारली की पुरे, दिसेल त्याला ओरखडू नका. ओरखडलेली जागा पिकताना काळी पडते.

तिसरी टोकाची. फळाच्या खालच्या टोकाला फुलाचा वाळलेला काटा असतो. बोट लावताच तो गळून पडत असेल तर ते जून झाल्याचं लक्षण. कोवळ्या फळात तो हट्टाने चिकटून राहतो.

चिकू पिरगाळून काढा, पाण्याने धुऊन चीक आणि कोंडा घालवा, सावलीत पुसून सुकवा आणि तांदळाच्या डब्यात किंवा कागदात गुंडाळून ठेवा. जून फळ चार ते सात दिवसांत सगळीकडून सारखं मऊ पडतं. एक बाजू मऊ आणि एक टणक राहिली, किंवा खाल्ल्यावर घशात तुरट चिकटलं, तर ते लवकर काढलेलं होतं. असा चिकू नंतर कितीही ठेवला तरी सुधारत नाही. फ्रिजमध्ये पिकल्यावरच, तोही दोन-तीन दिवस. कच्चा चिकू थंडीत ठेवला की पिकण्याची ताकदच घालवून बसतो.

सीताफळ आणि रामफळ

सीताफळाचे ‘डोळे उघडले’ असं म्हणतात, आणि ही खूण इतकी नेमकी आहे की दुसरी लागत नाही. कोवळ्या फळाचे डोळे एकमेकांना घट्ट चिकटलेले आणि उंच टेंगळांसारखे असतात. जून होताना डोळे पसरतात, सपाट होतात आणि मधल्या खाचा रुंदावतात. खाचांतला हिरवा रंग जाऊन तिथे पिवळसर किंवा साईसारखा पांढरा पट्टा दिसू लागतो. काही झाडांवर तो गुलाबी असतो. फळाच्या निम्म्याहून जास्त भागावर हा पट्टा दिसला की देठासकट कापा.

इथे हातात दिवस थोडे असतात. डोळे उघडण्याआधी काढलं तर फळ दगडासारखं राहून काळं पडतं. डोळे उघडल्यावर तीन-चार दिवस टाळलं तर ते झाडावरच उकलतं, आणि मुंग्या, पाखरं, खारी यांचं होतं. म्हणून हंगामात, ऑगस्ट ते नोव्हेंबर, एक दिवसाआड झाड बघावं लागतं. काढलेलं फळ दोन ते पाच दिवसांत पिकतं. एकावर एक रचू नका, वजनाने डोळे निखळतात. कच्चं सीताफळ फ्रिजमध्ये ठेवलं की साल काळी ठिक्कर पडते.

रामफळाला उघडणारे डोळे नाहीत. तिथे रंग चालतो: हिरवट जाऊन पिवळसर-तांबूस झालं की काढा.

फणस

कुयरी, म्हणजे कोवळा फणस, भाजीसाठी कधीही काढता येते, बी टणक होण्याआधी. गऱ्यांसाठी मात्र डोळे, कान आणि नाक तिन्ही लावा. कोवळ्या फणसाचे काटे दाट आणि टोकदार असतात. जून होताना ते एकमेकांपासून लांब जातात, बोथट होतात, आणि रंग हिरव्याचा पिवळट-तपकिरी होतो. हाताने थोपटलं तर कोवळ्याचा आवाज घट्ट येतो, जून झालेल्याचा पोकळ, खोल. फणसाच्या देठाजवळचं शेवटचं पान पिवळं पडणं ही जुन्या जाणत्यांची खूण, आणि ती बहुतेक वेळा खरी ठरते.

कापा (घट्ट गऱ्यांचा) आणि बरका (मऊ गऱ्यांचा) या फणसाच्या दोन प्रकारांत फरक करा. बरका झाडावर पिकू दिला तर मऊ होऊन पडतो आणि सगळा राडा होतो, म्हणून आवाज बदलला की लगेच उतरवा. काप्याचे गरे पिकल्यावरही करकरीत असतात, त्यामुळे नुसतं दाबून काही समजत नाही. घरात ठेवल्यावर वास सुटणं आणि काटा अंगठ्याखाली किंचित दबणं यांवर जा. मोठा फणस दहा-पंधरा किलोंचा सहज होतो. आधी देठाला दोर बांधा, दोर फांदीवरून घ्या, मग देठ कापा आणि हळूहळू खाली सोडा. सुरीला आणि हातांना खोबरेल तेल आधीच चोळा. चीक लागल्यावर चोळायचं म्हणजे दुप्पट काम.

डाळिंब आणि लिंबूवर्गीय फळं

डाळिंबाला घरात पिकण्याची दुसरी संधी नसते, म्हणून इथे घाई महाग पडते. फळाच्या टोकाचा मुकुट बघा. कोवळ्या फळात त्याच्या पाकळ्या बाहेर फाकलेल्या असतात, तयार होताना त्या आत वळून मिटू लागतात. आतले दाणे भरल्यामुळे साल आतून ताणली जाते आणि गोल फळाला पैलू पडतात, बाजू चपट्या होतात. टिचकी मारली तर खणखणीत आवाज येतो. रंगाचा भरवसा जातीपुरता: भगवा केशरी-लाल होतो, गणेश पिवळसर-गुलाबीच राहतो, आणि गणेश लाल व्हायची वाट बघत बसलात तर फळ फुटेल. ओढून काढू नका, सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, देठ कापा.

तयार होण्याच्या शेवटच्या महिन्यात पाणी नियमित द्या. कोरड्या मातीला एकदम भरपूर पाणी मिळालं की दाणे फुगतात, सालीला तेवढं ताणता येत नाही आणि ती तडकते.

लिंबू गडद हिरव्याचं फिकट हिरवं झालं, साल पातळ आणि चकचकीत झाली, हातात घेतल्यावर आकारापेक्षा जड वाटलं की काढा. पूर्ण पिवळ्याची वाट बघायची गरज नाही. संत्र्याचा रंग तर फसवाच: साल पिवळी-नारिंगी व्हायला रात्रीचा गारवा लागतो, त्यामुळे गारवा नसलेल्या हवेत गोड संत्रंही हिरवट राहतं. एक सोलून खा. साल सैल सुटली आणि फोड गोड लागली तर बाकीची काढा.

पेरू, पपई आणि उरलेली

पेरू गडद हिरव्यातून फिका, चमकदार झाला की काढून घ्या, पूर्ण पिवळा होईपर्यंत थांबू नका. याच एक-दोन दिवसांत फळमाशी अंडी घालते आणि पोपट येतात. पेरू लिंबाएवढा असतानाच कागदी किंवा कापडी पिशवी बांधली तर आठवडाभर जास्त थांबता येतं आणि चव खरंच वाढते.

पपईवर शेंड्याकडे किंवा दोन कंगोऱ्यांच्या मध्ये पिवळी रेघ उमटली की ती जून झाली. नखाने टोचून बघा, चीक पाणचट यायला हवा. पाच-सहा दिवसांत घरात पिकते.

अंजीर मान टाकतं: उभं असलेलं फळ देठात वाकून खाली लटकतं आणि बोटाला मऊ लागतं. त्याआधी काढलं तर नीट गोड होत नाही. आवळा पोपटी-पिवळसर आणि थोडा पारदर्शक दिसू लागला की एक कापा. बी पांढरी असेल तर थांबा, तपकिरी झाली असेल तर उतरवा. जांभळं पूर्ण काळी झाल्यावरच. लालसर राहिलेलं जांभूळ घरात रंगेल, गोड होणार नाही. खाली जुनी साडी पसरून फांद्या काठीने हलवा. झाडावर चढू नका, जांभळाची फांदी ठिसूळ असते आणि न करकरता मोडते.

चिंचेचं तंत्र वेगळं, तिचा आतला गर सालीपासून सुटावा लागतो. हिरवी चिंच दाबली तर टरफल आणि गर एकजीव लागतात. गाभुळलेल्या चिंचेत गर तांबूस-हिरवा, आंबटगोड असतो, आणि टरफल हाताने नीट निघत नाही. ती लगेच खायला उत्तम, साठवायला निरुपयोगी. फेब्रुवारीनंतर टरफल तपकिरी आणि ठिसूळ होतं, बोटांत धरून दाबलं की कुरकुरत फुटतं, आणि चिंच कानाजवळ हलवली तर आत गर सुटा हलल्याचा आवाज येतो. तेव्हा झोडा. टरफल, शिरा आणि चिंचोके काढून गर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, किलोला साधारण 100 ग्रॅम जाड मीठ लावून गोळे करा आणि चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा.